पाचामुखी परमेश्वर, मग बारामुखी काय?

माझे एक परिचित मूळचे साताऱ्याचे. लंडनच्या पश्चिमेला स्लावमध्ये नऊ वर्षं राहतात. नोकरी आयटीत, पासपोर्ट अजून भारतीय. एके दिवशी दाराच्या फटीतून एक सरकारी पाकीट आत पडलं. अमुक सोमवारी सकाळी क्राउन कोर्टात ज्यूरीच्या कामासाठी हजर राहावे, न आल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड. ज्यूरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेली बारा सामान्य माणसं, आणि क्राउन कोर्ट म्हणजे असे गंभीर खटले चालतात ते कोर्ट. गृहस्थ आधी घाबरले, मग हसले. आपण इथले नागरिकच नाही, काहीतरी घोटाळा झाला असणार. साताऱ्याला फोन लावला तर आई म्हणाली, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये रे. पोट बिघडलंय म्हणून कळव त्यांना."

घोटाळा काही नव्हता. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या मतदार यादीत नाव घालता येतं. यादीत नाव, वय १८ ते ७५ आणि तेराव्या वर्षानंतर किमान पाच वर्षांचा तिथला मुक्काम, एवढं जमलं की इंग्लंडच्या ज्यूरीत बसायला तुम्ही पात्र. म्हणजे हा माणूस इंग्लंडमधल्या गुन्ह्याचा निवाडा करू शकतो, साताऱ्यातल्या गुन्ह्याचा नाही. आपल्याकडे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्यूरीचं दप्तर बंद केलं. पारशांच्या विवाह न्यायालयात तेवढे पंच उरलेत.

हे आठवायचं कारण डिसेंबर २०२५मधली घोषणा. ब्रिटनचे न्यायमंत्री आणि उपपंतप्रधान डेव्हिड लॅमी यांनी संसदेत सांगितलं, की इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्या खटल्यात तीन वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षा होण्याची शक्यता आहे, तो यापुढे ज्यूरीपुढे न जाता एकट्या न्यायाधीशापुढे चालवायचा. खून, बलात्कार, सदोष मनुष्यवध असे गुन्हे ज्यूरीकडेच राहतील. मॅजिस्ट्रेटना (किरकोळ खटले चालवणारे, बहुतेक बिनपगारी सामान्य नागरिक) बारा महिन्यांऐवजी अठरा महिन्यांपर्यंत शिक्षा देता येईल. कारण एकच: क्राउन कोर्टात साचलेले सुमारे ७८ हजार खटले, आणि काही केलं नाही तर २०२८पर्यंत ते एक लाखावर जाण्याची भीती.

त्या नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे चार मराठी घरं जमली होती. मिसळ संपेपर्यंत हवा-पाणी झालं आणि मग विषय इथे आला. बहुतेकांचं मत लॅमींच्या बाजूने. "बरं झालं. ज्यूरी म्हणजे नानावटी!" असं एकाने म्हटलं, आणि सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर पाच-सात वर्षांपूर्वी माझंही मत हेच होतं. रस्त्यावरची बारा माणसं उचलायची, त्यातला एक फुटबॉलच्या स्कोअरचा विचार करणार, एकीला शाळेतून मुलाला आणायची घाई, आणि त्यांच्या हाती कुणाचं तरी आयुष्य द्यायचं, हे मला अडाणीपणाचं वाटायचं. आता वाटत नाही. लॅमींचा बेत चुकीचा आहे, आणि ते कळायला मराठी माणसाला इंग्लंडच्या इतिहासापेक्षा आपला इतिहास जास्त उपयोगी पडतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी दुसरी बाजू. ती हलकी नाही. बलात्काराची तक्रार केलेल्या बाईला तीन-तीन, चार-चार वर्षं थांबावं लागतं. तारीख मिळते, ती पुढे जाते, मग साक्षीदार कंटाळतो किंवा ती स्वतःच म्हणते की पुरे झालं, मला जगू द्या. आरोपी निर्दोष असेल तर त्याच्याही डोक्यावर तेवढीच वर्षं तलवार. सरकारचं म्हणणं असं, की चोरीमारीचे मधले खटले ज्यूरीकडून काढले की मोठ्यांना जागा होईल. ऐकायला सरळ हिशेब आहे.

पण हा ढीग ज्यूरीने घातला का? २०१९च्या अखेरीस क्राउन कोर्टातली थकबाकी चाळीस हजारांच्या आत होती. तेव्हाही ज्यूरीत बाराच माणसं होती, आजही बाराच आहेत. मग ढीग दुप्पट कसा झाला? करोनाने कोर्टं बंद पाडली हे खरं, पण घर आधीच पोखरलेलं होतं. २०१०नंतरच्या दशकात मॅजिस्ट्रेट कोर्टांपैकी सुमारे निम्मी बंद केली, इमारती विकल्या. लंडनमधलं ब्लॅकफ्रायर्सचं क्राउन कोर्ट डिसेंबर २०१९मध्ये बंद झालं, म्हणजे महामारीच्या तोंडावरच. न्यायाधीश आहे, खोली आहे, पण वर्षाला इतकेच दिवस बसायचं अशी पैशाची मर्यादा घातल्यामुळे खोलीला कुलूप, हा प्रकार वर्षानुवर्षं चालला. कायदेशीर मदतीचा निधी आटला, तसे फौजदारी वकील दुसऱ्या कामांकडे वळले. २०२२मध्ये तर बॅरिस्टर बेमुदत संपावर गेले. हॅरोचं क्राउन कोर्ट ऑगस्ट २०२३मध्ये बंद करावं लागलं, कारण इमारतीत ठिसूळ काँक्रीट सापडलं. आणि रोजचं रडगाणं वेगळंच: तुरुंगातून आरोपीला आणणारी गाडीच वेळेवर येत नाही. बारा पंच दहा वाजता येऊन बसलेत, न्यायाधीश बसलेत, वकील बसलेत, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो हमरस्त्यावर गाडीत अडकलेला. या गाडीचा उशीर ज्यूरी काढल्याने कसा भरून निघणार?

इथे भारत कामाला येतो. ज्यूरी काढली की निकाल लवकर लागतात हा प्रयोग आपण करून बसलोय, पन्नासहून जास्त वर्षं. आपल्या कनिष्ठ न्यायालयांत साडेचार कोटींच्या वर खटले पडून आहेत आणि त्यातल्या एकाही फौजदारी खटल्यात ज्यूरी नाही. ज्यूरी गेली म्हणून ते साचले असं मी म्हणत नाही. दहा लाख माणसांमागे जेमतेम एकवीस न्यायाधीश असल्यावर दुसरं काय होणार. १९८७मध्येच विधी आयोगाने हा आकडा पन्नासवर न्या म्हणून सांगितलं होतं. एवढंच म्हणतो, की माणसं आणि खोल्या कमी असतील तर बारा खुर्च्या उचलून बाहेर ठेवल्याने वेळ वाचत नाही. सांगली-सोलापूरच्या कोर्टात वडिलांच्या जागेवर मुलगा वादी म्हणून उभा राहिलेला ज्याने पाहिलाय, त्याला हे पटवायला आकडेवारी लागू नये.

आता टिळकांकडे येतो, कारण ज्यूरीविरुद्धचा आपल्या मनातला खरा आकस नानावटीच्या आधीचा, तिथला आहे.

जुलै १९०८. 'केसरी'तल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून राजद्रोहाचा खटला. सरकारने खास ज्यूरी मागितली. मराठी न जाणणाऱ्या युरोपियनांचं बहुमत त्या ज्यूरीत येणार, आणि खटला तर मराठी शब्दांच्या अर्थाचा, असा आक्षेप टिळकांच्या बाजूने घेतला गेला. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी तो मानला नाही. हेच दावर १८९७च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. ज्यूरीत नऊजण बसले, सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळक स्वतःच एकवीस तासांहून जास्त बोलले, त्यातला बराच वेळ भाषांतर कुठे कसं बिघडलंय हे दाखवण्यात गेला. २२ जुलैच्या रात्री निकाल आला: सात दोषी म्हणणारे, दोन निर्दोष म्हणणारे. सहा वर्षं मंडाले. ज्यूरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचं वाक्य आज त्याच न्यायालयात संगमरवरावर कोरलेलं आहे आणि शाळेत आपण ते पाठ केलेलं आहे. म्हणून ज्यूरी म्हटलं की मराठी मनात आधी त्या सात खुर्च्या उभ्या राहतात.

पण या खटल्याची उलटतपासणी करून बघा. ज्यूरी नसती तर टिळक सुटले असते का? एकट्या दावरांच्या हाती खटला असता तर? शिक्षा सुनावताना त्यांनी जे तोंडसुख घेतलं, ते वाचल्यावर ही शंका राहत नाही. त्या खोलीत टिळकांना निर्दोष म्हणणारे दोनच आवाज उठले, आणि ते दोन्ही ज्यूरीच्या बाकावरून उठले. आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. १९०८मध्ये इंग्लंडमधल्या ज्यूरीला दोषी ठरवायचं तर एकमत लागायचं. बहुमताची सोय तिथे १९६७मध्ये आली. आजही बारापैकी किमान दहा लागतात, आणि काही कारणाने ज्यूरी नऊवर आली तर नऊच्या नऊ. म्हणजे लंडनच्या नियमाने, तेव्हाच्या किंवा आजच्या, टिळक दोषी ठरलेच नसते. राज्यकर्त्यांनी मुंबईला ज्यूरी दिली, पण तिच्यातला दात काढून दिली. आपण मात्र राग धरला तो ज्यूरीवर.

नानावटीचं थोडक्यात. १९५९मध्ये मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्यूरीने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या कमांडर नानावटींना आठ विरुद्ध एक मतांनी खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो निकाल विपरीत वाटला, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्यूरी वर्तमानपत्रांच्या गदारोळात वाहून गेली, हे मान्य. पण मग पुढचंही सांगा. जन्मठेप झालेले नानावटी १९६४मध्ये राज्यपालांच्या माफीने बाहेर आले. गदारोळात वाहून जायला ज्यूरीच लागते असं नाही. आणि नानावटीमुळे देशातली ज्यूरी गेली ही गोष्ट गप्पांत रंगते तेवढी खरीही नाही. विधी आयोगाने ती रद्द करण्याची शिफारस १९५८मध्येच केली होती, कमांडरसाहेबांनी पिस्तूल उचलायच्या आधी.

ज्यूरी शहाणी असते असा माझा दावा नाही. २०१०मध्ये गिल्डफर्डच्या ज्यूरीने सीमा मिश्रा यांना दोषी ठरवलं. भारतातून आलेल्या, सरेमधल्या एका गावात टपाल कार्यालय चालवणाऱ्या बाई, पोटात दुसरं मूल. हिशेबात ७४ हजार पौंडांची तूट, आणि संगणक म्हणतो की तूट आहे. पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. चूक पोस्टाच्या 'होरायझन' या प्रणालीत होती, त्यांचा गुन्हा २०२१मध्ये रद्द झाला, आणि अशी नऊशेच्या वर माणसं त्या यंत्राने गुन्हेगार ठरवली होती. बारा सामान्य माणसांना हे दिसलं नाही. दिसणार कसं? १९९९च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये संगणक नीट चालतोय असंच धरून चालायचं होतं, आणि पोस्टाला जे माहीत होतं ते ज्यूरीपुढे ठेवलंच गेलं नाही. मॅजिस्ट्रेट, न्यायाधीश, सरकारी वकील यांनाही दिसलं नाही. ज्यूरी समोर मांडलेलंच पाहते. झाकलेलं पाहण्याची दृष्टी एकट्या न्यायाधीशाला कुठून येणार, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्यातल्या एका वकिलीणबाईंनी मात्र नेमकं बोट ठेवलं. "ज्यूरी कारण देत नाही," त्या म्हणाल्या. "दोषी किंवा निर्दोष, संपलं. न्यायाधीश निकालपत्र लिहितो, त्यावर अपील करता येतं." या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे, ते असं.

२०२४च्या उन्हाळ्यात साउथपोर्टमध्ये लहान मुलींच्या हत्या झाल्या आणि देशभर दंगली पेटल्या. लुसी कॉनोली या बाईने आश्रयार्थी असलेली हॉटेलं पेटवण्याबद्दल समाजमाध्यमावर लिहिलं, गुन्हा कबूल केला, एकतीस महिने मिळाले. पुढच्याच आठवड्यात रिकी जोन्स या मजूर पक्षाच्या नगरसेवकाने सभेत दंगलखोरांचे गळे कापायची भाषा केली. त्याने गुन्हा नाकारला, खटला ज्यूरीपुढे गेला, आणि ऑगस्ट २०२५मध्ये ज्यूरीने त्याला अर्ध्या तासाच्या आसपास विचार करून सोडलं. लगेच ओरड: बघा, उजव्यांना एक न्याय, डाव्यांना दुसरा! कलमं वेगळी, एकाने गुन्हा कबूल केलेला आणि दुसऱ्याने नाही, हे सगळं त्या आवाजात बुडालं. मला स्वतःला जोन्सची सुटका पटली नाही. पण क्षणभर कल्पना करा, की त्याला सोडणारा एकटा न्यायाधीश आहे. नाव आहे, फोटो आहे, तो कुणाच्या काळात नेमला गेला याची नोंद आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर कोण असतं? २०१६मध्ये ब्रेक्झिटच्या निकालावरून तीन न्यायाधीशांचे फोटो 'जनतेचे शत्रू' म्हणून छापून झालेत, ही काही दंतकथा नाही. जोन्सला सोडणारे बारा जण मात्र त्या संध्याकाळी बसमध्ये बसून घरी गेले आणि गर्दीत मिसळले. त्यांना विकत घेता येत नाही, बढतीचं गाजर दाखवता येत नाही, कारण परवा ते कोण असतील हे काल कुणालाच माहीत नव्हतं. सरकारच्या दावणीला बांधलेला न्याय म्हणून जे ओरडत होते, त्यांना हे कळायला हवं होतं की त्या इमारतीत सरकारच्या हाताबाहेरची एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे हीच बारा माणसं.

इंग्रजांना हे कळायला किंमत मोजावी लागली. १६७०मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना रस्त्यावर प्रवचन केल्याबद्दल दोषी ठरवायला ज्यूरीने नकार दिला, तेव्हा न्यायाधीशांनी ज्यूरीलाच दंड करून तुरुंगात टाकलं. बुशेल नावाच्या पंचाने दंड भरला नाही, वरच्या न्यायालयात गेला आणि जिंकला. तेव्हापासून निकालासाठी ज्यूरीला शिक्षा करता येत नाही. १९८४मध्ये क्लाइव्ह पाँटिंग या अधिकाऱ्याने फॉकलंड युद्धात ब्रिटनने बुडवलेल्या 'बेल्ग्रानो' जहाजाविषयीची कागदपत्रं एका खासदाराला दिली. न्यायाधीशांचा कल उघड त्याच्याविरुद्ध होता, तरी १९८५मध्ये ज्यूरीने त्याला सोडलं. ब्रिस्टलमध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या कोलस्टनचा पुतळा पाडणाऱ्या चौघांना २०२२मध्ये सोडलं. हे शेवटचं तुम्हाला आवडेल किंवा नाही. पण मोडतोड, निदर्शनं, वेडंवाकडं भाषण, असले सरकारला बोचणारे खटले बहुधा तीन वर्षांच्या आतल्या शिक्षेचेच असतात.

तीन वर्षं म्हणजे 'मधला' खटला, हे म्हणतो कोण? व्हिसावर राहणाऱ्या माणसाला १२ महिन्यांची शिक्षा झाली की २००७च्या कायद्याने हद्दपारीची कारवाई जवळपास ठरलेली. नोकरी गेली, मुलांची शाळा गेली, हप्त्यावर घेतलेलं घर गेलं. आमच्या बैठकीत ज्यूरीला हसणाऱ्या चारातल्या दोन घरांना हा नियम लागू होतो. त्यांच्यावर उद्या कुणी खोटा आळ घेतला तर? आणि गंमत म्हणजे, ज्यूरीत वर्णानुसार पक्षपात दिसत नाही, असं नोंदवणारा २०१७चा अहवाल खुद्द डेव्हिड लॅमी यांचाच आहे. २०२०मध्ये, विरोधी बाकावर असताना, ज्यूरीविना फौजदारी खटले ही वाईट कल्पना आहे असंही ते जाहीरपणे म्हणाले होते. खुर्ची बदलली की दृष्टी बदलते, याचं नवल मराठी वाचकाला वाटायला नको.

काही बदल मला चालतील. महिनोन् महिने चालणारे आर्थिक घोटाळ्यांचे खटले न्यायाधीशाकडे द्या. सहा महिने नोकरी सोडून ताळेबंद वाचायला बारा जणांना बसवणं हा जुलूमच. निवृत्त न्यायाधीश ब्रायन लेव्हसन यांच्या जुलै २०२५च्या अहवालाने न्यायाधीशाच्या शेजारी दोन मॅजिस्ट्रेट तरी ठेवले होते. लॅमींनी त्यांनाही उठवलं. तेवढे तरी परत आणा. तात्पुरतं म्हणाल तर ते मला पटणार नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९७३ला दहशतवादाच्या काळात ज्यूरीविना न्यायालयं आणली, आणि ती तरतूद कुठल्या ना कुठल्या रूपात दर दोन वर्षांनी मुदतवाढ घेत चालूच आहे. आपल्याकडच्या तात्पुरत्या पत्र्याच्या शाळेसारखी.

साताऱ्याचे ते परिचित अखेर गेले. पोट बिघडलं नाही. दोन आठवडे रोज सकाळी डबा घेऊन जायचे, कारण जेवणापोटी कोर्ट देतं ५ पौंड ७१ पेन्स. शपथेसाठी मागितल्यावर कापडात गुंडाळलेली गीता समोर आली, याचं त्यांना अजून अप्रूप आहे. खटला कसला होता, आरोपी कसा दिसत होता, वकिलांपैकी कोण खोकत होता, सगळं सांगितलं. पण आतल्या खोलीत बारा जण काय बोलले ते नाही सांगितलं. तो इंग्लंडमध्ये गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. आईने फोनवर खोदून खोदून विचारलं. "अगं, नाही सांगता येत."

"बरं, आमच्याकडचे पंच चावडीवर सगळ्यांसमोर भांडायचे," ती म्हणाली. "एवढं सांग, त्या बारात तू गप्प तर नाही ना बसलास?"

"नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं बसेन, पण तिसऱ्या दिवशी बोललो."